घरपट्टी आणि हायस्कूल : शिकागोजवळील एका शाळेची कीर्ति

‘पब्लिक स्कूल’ हे दोन शब्द कानीं पडले म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित घरांत जें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें, तें मोठ्या फीचें, वसतिगृहाचें आणि इंग्रजी शिस्तीचें असतें. १९३५ सालीं डेहराडून येथें निघालेल्या डून स्कूलसारख्या संस्थांनीं हें नांव इंग्लंडकडून आणलें आणि तें येथें रूढ झालें. गंमत अशी कीं, इंग्लंडांतील पब्लिक स्कूल सर्वांना खुलें नसतें. अमेरिकेंतील मात्र अक्षरशः सार्वजनिक असतें. तेथें हा शब्द उच्चारला म्हणजे लोकांच्या करांतून चालणारी, शिकविण्याबद्दल फी न घेणारी, आणि आपल्या हद्दींतील प्रत्येक मुलाला दार उघडणें जिला कायद्यानें भाग आहे अशी शाळा, असा अर्थ घ्यावयाचा. आज ज्या शाळेविषयीं बोलावयाचें आहे ती या दुसऱ्या अर्थानें पब्लिक आहे. अमेरिकेंतील अत्यंत नांवाजलेल्या हायस्कुलांत तिची गणना होते. फी नाहीं आणि प्रवेशपरीक्षाहि नाहीं, तर मग अशा शाळेंत प्रवेश मिळतो तरी कोणाला, हा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत आलाच असेल. त्याचें उत्तर देण्यांतच माझा बराचसा वेळ जाणार आहे.

शिकागो शहरापासून उत्तरेकडे मिशिगन सरोवराचा कांठ धरून एक रेल्वे जाते. तिच्यावर विल्मेट, केनिलवर्थ, विनेट्का, ग्लेन्को अशीं स्टेशनें लागतात. चर्चगेटपासून गोरेगांव जितकें दूर, जवळजवळ तितकेंच, म्हणजे सुमारें १६ मैल, विनेट्का हें शिकागोच्या मध्यवस्तीपासून दूर आहे. आपल्या पार्ले-अंधेरीप्रमाणें हीं गांवेंहि आगगाडीनेंच वाढविलीं. सकाळच्या गाडीनें पेढीवर जावें आणि सायंकाळीं झाडीच्या सावलींत परत यावें, अशा बेतानें शिकागोचे व्यापारी, वकील व दलाल तेथें राहावयास गेले. त्यांच्याहि आधीं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, जर्मनींतील ट्रियर शहराच्या बाजूचे शेतकरी त्या भागांत येऊन वसले होते. आपल्या जुन्या मुलखाची आठवण म्हणून त्या भागाचें नांव ‘न्यू ट्रियर’ पडलें, आणि तेंच पुढें शाळेला मिळालें. १९०१ सालीं न्यू ट्रियर टाउनशिप हायस्कूल विनेट्का येथें उघडलें तेव्हां तेथें ७६ विद्यार्थी आणि ७ शिक्षक होते. आतां विद्यार्थ्यांची संख्या चार हजारांच्या आंतबाहेर असते, आणि शाळा पुरी करणारीं जवळजवळ सर्व मुलें कॉलेजांत जातात.

अमेरिकेंत हायस्कूल म्हणजे नववीपासून बारावीपर्यंतचीं चार वर्षें. मूल चौदाव्या वर्षीं आंत शिरतें आणि अठराव्या वर्षीं बाहेर पडतें. असें शिक्षण सार्वजनिक पैशांतून मिळावें, याचें तेथें आज कोणाला नवल वाटत नाहीं. परंतु ती गोष्ट सहजासहजीं घडून आलेली नाहीं. पहिलें सार्वजनिक हायस्कूल १८२१ सालीं बोस्टन शहरांत निघालें. त्यानंतर पन्नास वर्षें लोटलीं तरी, लिहिणें-वाचणें शिकविण्यासाठीं कर द्यावा हें ठीक, पण शेजाऱ्याच्या मुलाला लॅटिन आणि बीजगणित यावें म्हणून आम्हीं कां पैसे भरावे, असें विचारणारे करदाते होतेच. मिशिगन राज्यांतील कॅलमझू गांवच्या कांहीं करदात्यांनीं या मुद्द्यावर फिर्याद नेली. १८७४ सालीं त्या राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें असा निकाल दिला कीं, गांवच्या लोकांनीं ठरविल्यास हायस्कूलसाठीं कर बसविण्यास कायद्याची कोणतीहि आडकाठी नाहीं. या निकालाचा दाखला मग इतर राज्यांतहि देण्यांत येऊं लागला आणि हायस्कुलें भराभर निघालीं. १९१० सालीं अठरा वर्षांच्या मुलामुलींपैकीं शेंकडा सुमारें ९ हायस्कूल पुरें करीत. १९४० सालीं हें प्रमाण शेंकडा ५० च्या घरांत गेलें. तीस वर्षांतील ही वाढ त्या काळच्या युरोपांतील कोणत्याहि देशाला साधली नव्हती. न्यू ट्रियर ही याच लाटेवर मोठी झालेली शाळा.

मात्र कॅलमझूच्या निकालांतील एक शब्द ध्यानांत ठेवावा : गांवच्या लोकांनीं ठरविल्यास. शाळा गांवाची, कर गांवाचा आणि निर्णयहि गांवाचा. अमेरिकन शिक्षणाचें सारें बळ या व्यवस्थेंत आहे, आणि त्यांतील सारें दुखणेंहि तिच्यांतच आहे.

प्रथम बळाकडे पाहूं. चार हजार मुलांची शाळा म्हणजे एक लहानसें गांवच. एवढ्या गर्दींत चौदा वर्षांचें मूल हरवून जाऊं नये म्हणून या शाळेनें १९२० नंतरच्या दशकांत एक योजना काढली, आणि ती अद्यापि चालू आहे. प्रत्येक नवा विद्यार्थी सुमारें पंचवीस जणांच्या एका गटांत घातला जातो. प्रत्येक गटाला एक सल्लागार शिक्षक नेमून दिलेला असतो. हा गट नेमानें थोडा वेळ एकत्र बसतो, आणि सामान्यतः चारहि वर्षें तोच गट व तोच शिक्षक. सल्लागार म्हणून त्याचें काम धडा शिकविण्याचें नव्हे. कोणता विषय मुलाला जड जातो, कोणाशीं त्याचें बिनसलें आहे, पुढील वर्षीं त्यानें काय निवडावें, घरीं कांहीं अडचण आहे काय, हें त्यानें पाहावयाचें. आपल्याकडे वर्गशिक्षक असतो, पण तो दरवर्षीं बदलतो; हजेरी, वह्या आणि प्रगतिपुस्तकें यांतून डोकें वर काढून पन्नास-साठ मुलांचीं तोंडें त्याला कोठें ओळखूं येऊं लागतात, तोंच वर्ष संपतें. न्यू ट्रियरच्या साऱ्या वैभवांत उचलून आणण्यासारखी मला ही एकच गोष्ट वाटते. तिला संगमरवरी पायऱ्या लागत नाहींत. शिक्षकाचा वेळ तेवढा लागतो. अर्थात् वेळालाहि पगार द्यावा लागतो, हें शिक्षणसंस्थांच्या चालकांना निराळें सांगावयास नको.

दुसरी गोष्ट विषयांच्या पायऱ्यांची. एकाच विषयाचे निरनिराळ्या काठिण्याचे वर्ग तेथें एकाच वेळीं चालतात. गणितांत वरच्या पायरीवर असलेली मुलगी इंग्रजीच्या मधल्या पायरीवर बसूं शकते. वरच्या पायरीवर मिळालेल्या गुणांना सरासरी काढतांना अधिक वजन देतात, म्हणजे कठीण वर्ग निवडल्याबद्दल मुलाचें नुकसान होत नाहीं. एवढे वर्ग काढावयाचे तर शिक्षक पुष्कळ हवेत आणि विषयहि पुष्कळ हवेत. ते दोन्ही तेथें आहेत. परकीय भाषा अनेक, वाद्यवृंद अनेक, नाट्यगृह स्वतःचें. चार्ल्टन हेस्टन हा पुढें जगप्रसिद्ध झालेला नट १९४१ मध्यें येथून बाहेर पडला, तो नाट्याच्याच जोरावर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची शिष्यवृत्ति घेऊन. आणि नभोवाणीवरून बोलतांना हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं कीं, या शाळेचें स्वतःचें ध्वनिक्षेपण केंद्र आहे. विद्यार्थीच तें चालवितात.

या हायस्कुलांत येणारीं मुलेंहि चांगलीं तयार होऊन येतात. आपल्याकडील ट्रेनिंग कॉलेजांतून शिकलेल्या शिक्षक-शिक्षिकांना ‘विनेट्का योजना’ हें नांव ओळखीचें असेल. डाल्टन योजनेच्या शेजारींच तें पुस्तकांत येतें. त्यांतील विनेट्का तें हेंच. कार्लटन वॉशबर्न हे १९१९ पासून १९४३ पर्यंत तेथील प्राथमिक शाळांचे सुपरिंटेंडेंट होते. अंकगणित, वाचन यांसारख्या विषयांत प्रत्येक मुलानें आपल्या स्वतःच्या चालीनें पुढें जावें, आपलीं उत्तरें आपणच तपासावीं, एक पायरी पक्की झाल्यावांचून दुसरी चढूं नये, आणि दिवसाचा उरलेला भाग चित्र, नाटक, बागकाम, सभा अशा सर्वांनीं मिळून करावयाच्या कामांत जावा, असा त्यांच्या योजनेचा गाभा होता. १९४० सालीं याच गांवांत एलिएल सारिनेन या विख्यात फिनिश शिल्पज्ञाच्या सहकार्यानें क्रो आयलंड नांवाची प्राथमिक शाळा बांधली गेली. तिच्यांत प्रत्येक वर्गाला स्वतःचें लहानसें अंगण आहे. शाळेची इमारत मुलाच्या मापानें कशी बांधावी, याचा पाठ म्हणून शिल्पशास्त्राचे विद्यार्थी ती अजून पाहतात.

आतां पैशाकडे वळूं. आपण घरपट्टी भरतों ती दिवाबत्ती, रस्ते व झाडलोट यांसाठीं. अमेरिकेंत घरपट्टीचा फार मोठा भाग शाळेला जातो. प्रत्येक शाळेचें, किंवा कांहीं शाळांचें मिळून, एक क्षेत्र आंखलेलें असतें. त्या क्षेत्रांतील घरें व जमिनी यांची सरकारी आंकारणी होते, तिच्यावर ठराविक दरानें कर बसतो, आणि तो कर त्याच क्षेत्रांतील शाळेवर खर्च होतो. क्षेत्राचा कारभार लोकांनीं निवडून दिलेलें मंडळ पाहतें. न्यू ट्रियरच्या मंडळांत सात सभासद असतात आणि त्यांना वेतन नसतें. राज्याची मदत असते, मध्यवर्ती सरकारचीहि थोडी असते. परंतु न्यू ट्रियरसारख्या ठिकाणीं खर्चाचा बहुतांश भार स्थानिक घरपट्टीच उचलते.

लोकांचा हात यांत किती प्रत्यक्ष असतो याचें एक उदाहरण देतों. शाळेची जुनी इमारत पाडून नवी बांधण्यासाठीं १७ कोटी ४० लक्ष डॉलरचें कर्ज काढावें असा प्रस्ताव मंडळानें २०१० सालीं लोकांच्या मतास टाकला. तो लोकांनीं फेटाळला. हीं गांवें अमेरिकेंतील अतिशय सधन गांवांपैकीं आहेत, तरीहि फेटाळला. मंडळानें बेत आंखडता घेतला, आणि २०१४ सालीं ८ कोटी ९० लक्ष डॉलरचा दुसरा प्रस्ताव पुढें ठेवला. तो मंजूर झाला आणि २०१७ सालीं नवें बांधकाम वापरांत आलें. ज्यांच्या खिशांतून पैसा जावयाचा त्यांचेंच मत घ्यावयाचें, ही रीत एरव्हीं मोठी निकोप. आपल्याकडे शाळेच्या इमारतीसाठीं देणगीची थैली घेऊन दारोदार फिरणाऱ्या संस्थाचालकांना तिचा हेवाच वाटेल.

पण या व्यवस्थेचें एक चक्र बनतें, आणि तें समजून घेतल्यावांचून अशा शाळेची कीर्ति समजत नाहीं. घरें महाग, म्हणून थोड्या दरानेंहि घरपट्टी पुष्कळ जमते. घरपट्टी पुष्कळ, म्हणून शिक्षक चांगले मिळतात व टिकतात. शाळेचें नांव होतें. नांव झालें म्हणून त्या हद्दींत घर घेण्यासाठीं आईबापांची धडपड सुरू होते, आणि घरें आणखी महाग होतात. हें निव्वळ अनुमान नव्हे. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ विदुषीनें १९९९ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यांतील घरांच्या किंमतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळांच्या क्षेत्रांची सीमा जेथून जाते त्या सीमेच्या दोन्ही बाजूंना लागून असलेलीं घरेंच तिनें तुलनेस घेतलीं. गल्ली तीच, बाजार तोच, झाडें तींच. फरक एवढाच कीं या बाजूचें मूल एका शाळेंत जाणार आणि त्या बाजूचें दुसऱ्या. ज्या शाळेचे परीक्षेंतील गुण शेंकडा ५ नीं अधिक, तिच्या बाजूच्या घरासाठीं लोक सुमारें शेंकडा अडीच अधिक किंमत मोजतात, असें तिला आढळलें. म्हणजे शाळेची फी नाहीं असें आपण म्हटलें, तें अर्धेंच खरें. फी आहे, ती घराच्या किंमतींत भरावी लागते, आणि पावती खरेदीखताची मिळते.

घर विकत घेण्याची ऐपत असली कीं पुरें, असेंहि पूर्वीं नव्हतें. याच हद्दींतील केनिलवर्थ हें गांव १८८९ सालीं जोसेफ सीअर्स या व्यापाऱ्यानें जमीन घेऊन वसविलें, तेव्हां घर फक्त गौरवर्णीयांनाच विकावें अशी अट घालण्यांत आली होती. शिकागोच्या भोंवतीं अशा अटींचीं खरेदीखतें सर्रास होत. १९४८ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें असे करार न्यायालयांमार्फत अंमलांत आणतां येणार नाहींत असें ठरविलें; पण कागद निकामी झाला तरी दलाल आणि मालक यांचा आपसांतील अलिखित समज पुढें बरींच वर्षें चालू राहिला. १९६५ सालच्या उन्हाळ्यांत, २५ जुलैला, मार्टिन लूथर किंग विनेट्काच्या गांवमैदानावर आले आणि हजारों लोकांपुढें त्यांनीं घरांच्या विक्रींतील या भेदाविरुद्ध भाषण केलें. घरविक्रींत वर्णभेद करण्यास बंदी घालणारा देशव्यापी कायदा व्हावयास १९६८ साल उजाडावें लागलें. शाळेच्या दारावर कोणतीहि पाटी कधीं लागली नव्हती. तिची जरूरच नव्हती.

चक्राची दुसरी बाजू शिकागो शहरांत दिसते. जोनाथन कोझोल या लेखकानें १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकांत दोन्ही ठिकाणच्या खर्चाचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडले. १९८८-८९ या वर्षीं न्यू ट्रियर दर विद्यार्थ्यामागें ८,८२३ डॉलर खर्च करीत होतें. शिकागो शहर, सर्व इयत्तांची सरासरी धरून, ५,२६५ डॉलर. प्राथमिक शाळेपेक्षां हायस्कूलला खर्च अधिक येतो, तेव्हां ही तुलना अगदीं कांट्याची नाहीं, हें खरें. पण ती सूट देऊनहि अंतर उरतेंच. तें पुढेंहि राहिलें. २ सप्टेंबर २००८ रोजीं, शिकागोच्या शाळा उघडण्याच्या पहिल्याच दिवशीं, शहरांतील हजाराहून अधिक मुलें आपल्या शाळांत न जातां बसगाड्यांतून न्यू ट्रियरच्या नॉर्थफील्ड येथील आवारांत गेलीं आणि तेथें त्यांनीं प्रवेशाचे अर्ज भरले. राज्याच्या विधिमंडळाचे सभासद व धर्मोपदेशक जेम्स मीक्स हे त्यांचे पुढारी होते. त्या सुमारास न्यू ट्रियरचा दरडोई खर्च १७,००० डॉलरच्या जवळपास, तर शिकागोचा १०,००० हून थोडासा अधिक होता. अर्ज सभ्यपणें घेण्यांत आले. मंजूर मात्र एकहि होण्यासारखा नव्हता, कारण अर्जदार हद्दीबाहेरचे. या शाळेचें जें ब्रीद आहे त्यांत बुद्धि जिज्ञासेला, हृदय करुणेला आणि आयुष्य मानवसेवेला वाहण्याची भाषा आहे. त्या दिवशीं अर्ज घेणाऱ्या शिक्षकांना ब्रीद आणि नियम यांच्यामध्यें उभें राहणें सुखाचें झालें असेल असें वाटत नाहीं.

हद्दीचा हा नियम वरवरचा नव्हे. इलिनॉय राज्यांत मुलाचा खोटा पत्ता देऊन त्याला दुसऱ्या क्षेत्राच्या शाळेंत घालणें हा शिक्षापात्र गुन्हा आहे. शेजारच्या भागांतील ओहायओ राज्यांत २०११ सालीं एका मातेला, आपल्या मुलींसाठीं त्यांच्या आजोबांचा पत्ता दिल्याबद्दल, कांहीं दिवस तुरुंगांत काढावे लागले. पुढें राज्यपालांनीं तिच्या अपराधाची प्रत सौम्य केली. आपल्याकडेहि नांवाजलेल्या शाळेसाठीं मामाचा नाहीं तर आत्याचा पत्ता देणारीं कुटुंबें अगदींच नाहींत असें नाहीं. त्यांना ही हकीकत ऐकून दचकावयास होईल.

न्यायालयांनीं यांत हात कां घातला नाहीं, असें कोणी विचारील. घातला होता. टेक्सास राज्यांतील सॅन अँटोनिओ शहरांत एजवुड हें गरीब क्षेत्र आणि अलामो हाइट्स हें सधन क्षेत्र. १९६७-६८ मधील आंकडे पाहा. एजवुडचे लोक मालमत्तेच्या दर १०० डॉलरमागें १ डॉलर ५ सेंट कर देत. अलामो हाइट्सचे लोक ८५ सेंट. म्हणजे गरिबांचा दर अधिक. तरी एजवुडला त्या करांतून दर विद्यार्थ्यामागें मिळत २६ डॉलर, आणि अलामो हाइट्सला ३३३ डॉलर! ज्यावर कर बसवावयाचा ती मालमत्ताच एकाकडे नाहीं, तेथें दर वाढवून काय होणार? राज्याची व मध्यवर्ती सरकारची मदत मिळवूनहि एजवुडचा दरडोई खर्च ३५६ डॉलर आणि दुसऱ्याचा ५९४ डॉलर होता. एजवुडच्या पालकांनीं दाद मागितली. रॉड्रिग्ज खटला या नांवानें प्रसिद्ध असलेल्या या प्रकरणांत १९७३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल दिला कीं, शिक्षण हा अमेरिकन राज्यघटनेनें दिलेला मूलभूत हक्क नव्हे, आणि स्थानिक घरपट्टीवर शाळा चालविण्यांत घटनेचा भंग होत नाहीं. पुढच्याच वर्षीं, १९७४ सालीं, डेट्रॉइटच्या खटल्यांत त्याच न्यायालयानें, पुन्हां पांच विरुद्ध चार मतांनीं, असें ठरविलें कीं शहरांतील वर्णभेद दूर करण्यासाठीं, ज्यांच्यावर दोष शाबीत झालेला नाहीं अशा उपनगरांच्या शाळांना त्या योजनेंत ओढतां येणार नाहीं. या दोन निकालांनीं उपनगराची हद्द पक्की झाली. एका निकालानें तिजोरी सुरक्षित केली, दुसऱ्यानें दार.

येथें एक विचारी मनुष्य अडवून म्हणेल : पैशानेंच शाळा चांगली होते काय? हा आक्षेप पोकळ नाहीं. १९६६ सालीं जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञानें सरकारच्या वतीनें सहा लक्षांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी करून एक अहवाल सादर केला. शाळांची इमारत, ग्रंथालय, दरडोई खर्च यांतील फरकांपेक्षां मुलाचें घर आणि त्याचे सोबती यांचाच त्याच्या अभ्यासाशीं अधिक संबंध दिसतो, असें त्यांत निघालें. त्या अहवालावर पुष्कळ वाद झाले, आणि पैसा नीट खर्च केला तर गरीब मुलांना त्याचा लाभ होतो असें नंतरच्या अभ्यासांतून दिसूनहि आलें. तरी न्यू ट्रियरसारख्या शाळेची कीर्ति मोजतांना कोलमनचें म्हणणें विसरूं नये. जिच्यांत येणारीं मुलें वकील, वैद्य आणि पेढीवाले यांच्या घरांतून, शेंकडों पुस्तकें पाहून आणि उत्तम प्राथमिक शाळेंत शिकून येतात, त्या शाळेचा निकाल उत्तम लागला तर त्यांतील किती श्रेय शाळेचें आणि किती घराचें? निकालाचा आंकडा हें सांगत नाहीं. तो मूल कोठें पोंचलें तें सांगतो. निघालें कोठून तें सांगत नाहीं. आपल्या वर्तमानपत्रांतून शेंकडा शंभर निकालाच्या शाळांचीं नांवें छापून येतात तेव्हां आपणहि शेवटचाच आंकडा वाचतों. आठवींत कच्च्या म्हणून आलेल्या मुलांना दहावी पार करविणारी चाळींतली शाळा त्या यादींत बहुधा नसते, आणि माझ्या मतें शिकविण्याचें खरें काम तेथेंच अधिक झालेलें असतें.

तरीहि शाळेचें म्हणून कांहीं श्रेय असतेंच. जॅक स्टाइनबर्गर हा १९२१ सालीं बव्हेरियांत जन्मलेला ज्यू मुलगा. हिटलरची राजवट आली तेव्हां, जर्मनींतील कांहीं ज्यू मुलांना अमेरिकेंतील घरांत आसरा देण्याची योजना तेथील ज्यू धर्मादाय संस्थांनीं केली. तिच्या आधारानें १९३४ सालीं तो आईबापांवांचून अमेरिकेस आला. बार्नेट फारोल या शिकागोच्या धान्यबाजारांतील दलालानें त्याला सांभाळलें, आणि तो न्यू ट्रियरमध्यें शिकूं लागला. १९३८ सालीं त्याचे आईबापहि जर्मनींतून सुटून आले. पुढें पैशाच्या ओढीमुळें त्याला दिवसा नोकरी करून रात्रीं अभ्यास करावा लागला. १९६२ सालीं त्यानें आपल्या दोघां सहकाऱ्यांसह न्यूट्रिनो नांवाचा अत्यंत सूक्ष्म कण एका प्रकारचा नसून निदान दोन प्रकारचा असतो हें प्रयोगानें सिद्ध केलें, आणि त्याबद्दल १९८८ सालीं तिघांना मिळून पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. स्टाइनबर्गरनें आपलें पदक न्यू ट्रियर शाळेला देऊन टाकलें. ज्या शाळेनें परक्या भाषेंतून आलेल्या मुलाला गणितांत आणि विज्ञानांत उभें केलें, तिच्याविषयीं त्याला काय वाटत होतें हें त्यावरून कळतें. मात्र तो त्या शाळेंत शिरला तो एका सधन गृहस्थानें आपलें घर त्याला दिलें म्हणून. त्याच सुमारास शिकागोच्या दक्षिण भागांत वाढणाऱ्या त्याच्या वयाच्या निग्रो मुलाला असा पत्ता देणारें कोणी नव्हतें.

इलिनॉय राज्यानें २०१७ सालीं शाळांच्या मदतीचा कायदा बदलला. प्रत्येक क्षेत्रांतील मुलांना पुरेसें शिक्षण द्यावयास किती खर्च येईल याचा आतां हिशेब मांडतात, आणि ते क्षेत्र स्वतःच्या बळावर त्यांतील किती उभारूं शकतें तें पाहतात. जें क्षेत्र सर्वांत मागें, त्याला राज्याच्या नव्या पैशांतला मोठा वांटा प्रथम मिळतो. पूर्वीं मिळत असलेली मदत मात्र कोणाचीहि कमी करीत नाहींत. न्यू ट्रियर वरच्या श्रेणींत असल्यामुळें त्याच्या वांट्याला नव्या रकमेंतून अगदीं किरकोळ भाग येतो. शाळांच्या हद्दींना या कायद्यानें हात लावलेला नाहीं. शिकागोच्या उपनगरांतून स्थायिक झालेलीं मराठी कुटुंबें आतां पुष्कळ आहेत. घर पाहावयास निघालीं म्हणजे तींहि विक्रीच्या जाहिरातींत खोल्या किती, तळघर आहे कीं नाहीं, स्टेशन किती दूर, हें वाचण्याच्या आधीं खालच्या ओळींत छापलेलें हायस्कूलचें नांव पाहतात.